रेवा आणि शरयूच्या भावाचं नाव काय ठेवायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. मला दोन मुली आहेत, मोठी रेवा आठ वर्षांची आणि दुसरी शरयू पाच वर्षांची, आणि आता महिन्यापूर्वी मुलगा झालाय. मुलींच्या वेळी आम्ही दोघांनी ठरवून नद्यांची नावं ठेवली आणि ती सगळ्यांना खूप आवडली, पण आता तेच अंगाशी आलंय कारण मुलासाठी नदीचं नाव काही सापडत नाहीये. सिंधू म्हटलं की सगळे म्हणतात हे तर मुलीचं, आणि ब्रह्मपुत्र काय ठेवणार! सासरे म्हणतात सरळ सागर ठेवा, ह्यांना अर्णव आवडलंय, माझ्या बहिणीने शंतनू सुचवलं आणि रेवा हट्ट धरून बसलीय की रेयांशच हवं म्हणजे रेवा-रेयांश असं मॅचिंग होईल. फॅमिली ग्रुपवर रोज नवी लिस्ट येते. मला एवढीच भीती वाटते की ह्याचं नाव बहिणींपेक्षा वेगळंच पडलं तर मोठेपणी ह्याला वाटेल का की माझ्या वेळी आईबाबांनी फारसा विचारच केला नाही? सध्या सगळे त्याला नुसतं बाळ म्हणतायत. प्लीज काहीतरी सुचवा.

उत्तर: आधी तुम्हा सगळ्यांचं अभिनंदन, रेवा आणि शरयूचं पण. आता तुमच्या भीतीबद्दल बोलते कारण नावापेक्षा तीच मोठी झालीय असं पत्र वाचताना वाटलं. प्रत्येक मूल कधी ना कधी विचारतंच की माझं नाव हेच का ठेवलं, आणि त्या वेळी तुमच्याकडे सांगायला काहीतरी खरं असलं की झालं, मग ते नदीचं असो नाहीतर नसो. जो माणूस महिनाभर एवढा जीव टाकून विचार करतोय त्याच्याकडे सांगायला नक्कीच असणार, त्यामुळे ती काळजी सोडा.

आता रेवा आणि शरयू ही नावं शोभतात कशामुळे ते बघूया. तुम्हाला वाटतंय नद्यांमुळे, पण नदी हा अर्थ तुम्ही कुणाला सांगाल तेव्हाच कळतो, हाक मात्र दिवसभर ऐकू येते. दोन्ही नावं छोटी आहेत, एकातही जोडाक्षर नाही, दोन्हींचा शेवट मोकळा आहे, आणि दोन्ही जुनी असून जुनाट वाटत नाहीत. ही त्यांची जातकुळी, आणि भावाचं नाव सगळ्यात आधी ह्या जातकुळीत बसायला हवं, अर्थाचं जमलं तर दुधात साखर.

भावंडांची नावं एका घरातली वाटायला अक्षर किंवा यमक जुळावं लागतंच असं नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता बघा, एकाचंही अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही, लांबीही सारखी नाही, पण चारही नावं कशी एकाच विचारातून आलेली, विरक्ती, ज्ञान, पायरी आणि मुक्ती. चापेकर बंधू दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिन्ही कृष्णाची नावं पण ऐकताना तीन वेगळी माणसं वाटतात. आणि तुमच्या घराशी सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे मंगेशकरांचं. लता, मीना, आशा, उषा, चारही मुलींची दोन-दोन अक्षरी नावं आणि मग धाकटा भाऊ एकदम हृदयनाथ! बहिणींशी काही म्हणजे काही जुळत नाही, पण वडील दीनानाथ, त्यामुळे त्या नावाचा धागा बहिणींकडून न येता वडिलांकडून आलाय. हा रस्ता तुम्हालाही मोकळा आहे. तुमच्या दोघांच्या नावात काही असेल, एखादं अक्षर, एखादा अर्थ, तर तिकडूनही बघा. तुमची नावं तुम्ही लिहिली नाहीत म्हणून मला त्यात पुढे जाता येत नाही.

आता ग्रुपवरच्या नावांकडे येते. सागर आणि अर्णव दोन्ही नावं छानच, पण तुम्ही अर्थाला एवढं जपताय म्हणून एक सांगते. आपल्या जुन्या काव्यात समुद्र हा नद्यांचा पती मानलाय, अमरकोशात ज्या श्लोकात सागर आणि अर्णव येतात त्याच श्लोकात सरित्पती हाही शब्द आहे. म्हणजे बहिणी नद्या आणि भाऊ समुद्र हे नातं अर्थाने जरा अवघडच होतं. शंतनूचंही तेच, तो गंगेचा नवरा. कितीतरी घरांत सरिता आणि सागर अशी बहीणभावंडं असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, तेव्हा घरात सगळ्यांना सागर मनापासून आवडलं असेल तर ठेवा, पण नद्यांशी जुळतं म्हणून ठेवत असाल तर नको. सिंधू त्याच श्लोकात समुद्राचं नाव म्हणून आलाय, म्हणजे पुल्लिंगी आहे, पण आपल्या कानाला ते मुलीचंच वाटतं आणि बिचारा जन्मभर खुलासा करत बसेल. ब्रह्मपुत्रासारखाच शोणही नद, म्हणजे पुल्लिंगी मानलेली नदी, पण अमरकंटकच्या लोककथेत नर्मदेचं लग्न ह्याच शोणाशी ठरलेलं आणि मोडलेलं, आणि त्या रागाने ती पश्चिमेला वळली असं सांगतात. तुमची मोठी रेवा म्हणजे नर्मदाच, त्यामुळे शोणही बाद.

पुराणात नदीचा सख्खा भाऊ शोधायचाच तर तो आहे, मैनाक. गंगा आणि पार्वती हिमालयाच्या मुली आणि मैनाक पर्वत हा त्यांचा भाऊ, मारुती लंकेला उड्डाण करून निघाला तेव्हा त्याला विसावा मिळावा म्हणून समुद्रातून वर आलेला डोंगर तो हाच. अर्थाने ह्याच्याइतकं चपखल दुसरं नाव नाही, पण शेवटी 'नाक' येतं आणि शाळेतली पोरं ते सोडणार नाहीत. तुम्हाला चालत असेल तर फार सुंदर नाव आहे, मी मात्र कचरले असते.

रेयांशबद्दल स्पष्टच लिहिते. 'रेय' म्हणजे किरण असा शब्द संस्कृतात नाही, इंग्रजीतल्या रे ला अंश जोडलाय असंच दिसतं, आणि लिस्टमध्ये समोर 'सूर्यकिरणाचा अंश' वगैरे छापलेलं असतं. ज्या आईने रेवा आणि शरयू शोधून काढलं तिला हे नाव दोन वर्षांत खुपायला लागेल. दुसरं म्हणजे रेवा आणि रेयांश दोघांची हाक 'रे' नेच सुरू होणार, मग घरात 'रे' एवढं ऐकलं की दोघं ओ देणार, आणि मधली शरयू एकटी पडेल, हे रेवाच्या लक्षात आलं नसेल पण तुमच्या यायला हवं. तुम्हाला बाळ वेगळं पडायची भीती आहे, रेयांश ठेवलं तर वेगळी पडेल ती शरयू.

मग काय ठेवायचं? मी नदीऐवजी पाणी धरते, म्हणजे बहिणींशी नातं राहतं आणि पुल्लिंगी शब्दही भरपूर मिळतात. सलिल म्हणजे पाणी, नीरद म्हणजे पाणी देणारा ढग, पुलिन म्हणजे नदीकाठची वाळू, आणि मल्हार, पावसाचा राग. आता एक काम करा, आतल्या खोलीत जाऊन बाहेरच्यांना बोलावल्यासारखी तिघांना एका दमात खरंच मोठ्याने हाक मारा. रेवा, शरयू, सलिल. रेवा, शरयू, मल्हार. घाईत, जरा चिडून, प्रेमाने, तिन्ही प्रकारे मारून बघा कारण पुढची वीस वर्षं तुम्ही हेच करणार आहात. सलिल फार गोड जातं पण एक अडचण आहे, शरयू आणि सलिल दोघांचं इंग्रजी पहिलं अक्षर एस. आपल्याकडे मधे बाबांचं नाव आणि शेवटी आडनाव, म्हणजे भावंडांच्या इनिशियल्समध्ये वेगळं असायला जागा एकच, पहिलं अक्षर, तेही सारखं झालं की वह्या, रिपोर्ट, पुढे बँकेची पत्रं, सगळीकडे दोघांची सरमिसळ. जीव जाणार नाही त्याने पण टाळता येत असेल तर का नको. नीरद फोनवर हमखास नारद ऐकू येतं. पुलिन सुंदर आहे पण प्रत्येकाला अर्थ सांगावा लागेल.

म्हणून माझं मत मल्हारला. आर, एस, एम, तिन्ही वेगळी अक्षरं. बहिणींची नावं स्वरावर मोकळी संपतात आणि ह्याचं 'र' वर थांबतं त्यामुळे हाकेत गोंधळ नाही. एक जोडाक्षर आहे पण ते जिभेवर अडखळत नाही, आणि नाव रेवा-शरयूसारखंच जुन्यातलं असून आजही ताजं वाटतं. मोठेपणी विचारलं तर सांगायलाही सोपं, बाळा, तुझ्या बहिणी नद्या म्हणून तू पाऊस. फक्त हे नाव सध्या बऱ्याच जणांचं असतं, वर्गात आणखी एक मल्हार निघू शकतो, त्याची तयारी ठेवा. तसं नको असेल तर इनिशियलकडे दुर्लक्ष करून सलिल.

रेवाला मात्र ह्यातून बाहेर ठेवू नका. तिला 'तू सांगशील ते ठेवू' असंही म्हणू नका कारण मग रेयांशच येईल. तुम्ही दोघांनी पसंत केलेली दोन नावं तिच्यापुढे आणि शरयूपुढे ठेवा, दोन दिवस बाळाला त्या नावांनी हाका मारू द्या आणि बघा कुठलं त्यांच्या तोंडात बसतं. आणि फॅमिली ग्रुपवर आता लिस्ट मागवणं बंद करा, फायनल झालं की थेट नाव कळवा.

प्रश्न: आमची मोठी आरोही, मधला आरव. तिसरा मुलगा झालाय. घरचे सगळे म्हणतात 'आर' नेच सुरू होणारं हवं, आरुष, आर्यन, आरिव असं काहीतरी. मला ते नकोसं वाटतंय पण कारण नीट सांगता येत नाही, सगळे म्हणतात तुझं आपलं काहीतरीच.

उत्तर: तुमचं अजिबात काहीतरीच नाहीये. आरोही आणि आरव ह्या दोघांना घरात आत्ताच आरू म्हणत असतील बघा, आता तिसरा आरू आणून काय करणार? इनिशियल्सचं वर लिहिलंय ते तुम्हाला जास्तच लागू, तिघांचंही ए होईल.

घरच्यांना मॅचिंगच हवं असेल तर ते तुमच्या हातात आधीच आहे, फक्त कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आरोही म्हणजे चढत जाणारे स्वर, आणि आरव म्हणजे आवाज, नाद. लिस्टमध्ये आरवपुढे 'शांत' असं छापलेलं असतं ते चूक, शांत असतं ते नीरव. म्हणजे तुमची दोन्ही मुलं सुरांच्या घरातली आहेत, तिसऱ्याला तिथूनच आणा. निनाद, निषाद, सारंग, केदार. निनादचा अर्थ आरवच्या अगदी जवळचा, भावाभावांना शोभेल. निषाद हा सातवा स्वर, आरोही वर चढत जाते ती त्याच्यापाशीच पोचते, मला हे फार आवडलं. पण निषाद हे एका जुन्या जमातीचंही नाव, त्यामुळे काहींना आधी त्या जमातीतला एकलव्य किंवा रामायणातला गुहक आठवेल, तो अर्थही माहीत असू द्या आणि अभिमानाने सांगा. सारंग, केदार हे राग, दोन्ही नावं रुळलेली, आजी-आजोबांनाही पटतील.

घरच्यांशी 'आर नको' म्हणून वाद घालू नका. 'सूर हवा' म्हणून ही चार नावं पुढे ठेवा, बोलणं तिकडे वळेल.