हातात धरायचे जीपीएस गाडीत तात्पुरते कसे बसवावे?

आपला प्रश्न असा आहे की, डोंगरवाटांसाठी घेतलेले हातात धरायचे जीपीएस काही दिवसांच्या प्रवासात गाडीतही वापरायचे आहे, गाडी भाड्याची असल्यामुळे तिला छिद्र पाडता येणार नाही किंवा काही कायमचे चिकटवता येणार नाही, आणि गाडीच्या आत उपग्रहांचा सिग्नल नीट मिळेल का याचीही शंका आहे. सिग्नल बहुतेक गाड्यांत मिळतो आणि उपकरण पक्के बसवताही येते. मात्र आधी एखादा स्टँड विकत आणायचा आणि मग त्याच्यासाठी जागा शोधायची, हा क्रम उलटा आहे. आधी जागा ठरवावी आणि त्या जागेवर टिकेल असा आधार निवडावा, असे माझे ठाम मत आहे. उत्तर थोडे लांबले आहे, पण यातील बऱ्याच गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत.

जागेचा पहिला निकष म्हणजे आकाश. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीपर्यंत येताना अतिशय क्षीण झालेला असतो. साधी काच आणि प्लॅस्टिक यांतून तो आरामात आत येतो. पत्र्यातून येत नाही. म्हणून गिअरजवळच्या कप होल्डरमध्ये किंवा दाराच्या खणात ठेवलेले उपकरण अधूनमधून आंधळे होते, तर पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर ठेवलेल्या उपकरणाला समोरचे जवळजवळ अर्धे आकाश दिसते. मागचे अर्धे आकाश छपरामुळे झाकले जाते, त्यामुळे उघड्यावरच्या तुलनेत अचूकता थोडी कमी होते, पण रस्त्याच्या कामाला ती पुरेशी असते.

उपकरण कोणत्या कोनात बसवावे हे त्याच्या अँटेनावर ठरते. काही उपकरणांत सपाट, चौकोनी पॅच अँटेना असतो. पडदा आकाशाकडे करून उपकरण आडवे धरले की तो उत्तम चालतो. काहींच्या डोक्यावर आखूड, जाड खुंट असतो, उदाहरणार्थ गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप 60, 62 आणि 64 या मालिका; त्यात मळसूत्राकार अँटेना असतो आणि उपकरण उभे धरल्यावर तो सर्वांत चांगला चालतो. पॅच अँटेनाचे उपकरण साधारण 45 अंशांत कलते ठेवले तर आकाशही मिळते आणि पडदाही वाचता येतो. खुंटवाले उपकरण मात्र शक्य तितके उभेच ठेवावे.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उन्हाची उष्णता परतवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि तो सिग्नलही अडवतो. अशा काचेत बहुधा आरशाच्या मागे एक लहान भाग थराशिवाय सोडलेला असतो. आपली काच कशी आहे हे ओळखण्याची खात्रीची रीत अशी: गाडीबाहेर उघड्यावर उभे राहून उपकरणाच्या उपग्रहांच्या पानावरील, प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल किती जोरदार आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात, मग आत बसून उपकरण ठरवलेल्या जागी धरावे आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाहावे. पट्ट्या थोड्या उतरल्या तर चिंता नाही. निम्म्याहून अधिक उपग्रह नाहीसे झाले तर ती जागा निरुपयोगी समजावी. खुंटवाल्या ज्या मालिका वर सांगितल्या, त्यांना बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असते. चुंबकाने छपरावर बसणारा छोटा अँटेना लावून त्याची वायर दाराच्या रबरातून आत घेता येते, आणि थराच्या काचेवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

याच ओघात आणखी एक सूचना. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवत असतो आणि उपकरणाला ती सलग मिळावी लागते. उपकरण सुरू करून लगेच गाडी हलवली आणि झाडे-इमारतींमुळे मध्येच सिग्नल तुटला, तर ही माहिती गोळा करणे नव्याने सुरू होते. म्हणून उपकरण गाडी उभी असतानाच चालू करावे आणि ठिकाण निश्चित झाल्यावरच निघावे.

दुसरा निकष सुरक्षिततेचा आहे आणि त्यात तडजोड करू नये. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बहुधा डॅशबोर्डच्या वरच्या भागातून उघडते; तिथे तशी अक्षरे कोरलेली असतात आणि झाकणाची बारीक शीव दिसते. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत उघडते आणि तिच्या वाटेतली वस्तू थेट माणसाच्या तोंडावर फेकली जाते. त्या झाकणावर किंवा त्याच्या पुढ्यात उपकरण ठेवू नये, वायरही तिथून नेऊ नये. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबांतही अनेक गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग असतात, म्हणून खांबाच्या आवरणाआड वायर खोचणे टाळावे. एअरबॅगची जागा आणि चालकाच्या नजरेतला रस्ता वजा केला की बहुतेक गाड्यांत दोनच जागा उरतात: डॅशबोर्डचा मधला भाग आणि चालकाच्या बाजूचा खालचा कोपरा. काचेवर काही लावण्याबाबतचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, तेव्हा गाडी जिथे चालवणार तिथला नियम आधी पाहून घ्यावा.

आता आधाराकडे वळतो. भाड्याच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती डॅशबोर्डवर नुसत्या ठेवायच्या जड बैठकीला आहे, कारण ती काचेवर अवलंबून नसते, डाग ठेवत नाही आणि क्षणात उचलता येते. वाळू किंवा छर्रे भरलेल्या पिशवीच्या तयार बैठका मिळतात, पण त्यांच्यावरचे पकडे मोबाइलच्या आकाराचे असतात आणि जाड, गोलसर पाठीचे जीपीएस त्यांत नीट धरले जात नाही. यावरचा उत्तम उपाय म्हणजे सायकलच्या हँडलला उपकरण लावण्यासाठी मिळणारा ब्रॅकेट. गार्मिनच्या ईट्रेक्स 10, 20, 30 आणि जीपीएसमॅप 62, 64 या मॉडेलांच्या पाठीवर एकाच मापाची खाच असते आणि हा ब्रॅकेट त्या सर्वांना चालतो. तो दोन केबल टायांनी कोणत्याही गोल दांड्यावर आवळता येतो.

म्हणून दांडा आपण पुरवायचा. साधारण 25 मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्यावा आणि तो प्लायवूडच्या छोट्या फळीवर दोन क्लॅम्पांनी आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीला समांतर, बसवावा. आडवा अशासाठी की ब्रॅकेट पाइपभोवती फिरवला की पडद्याचा कल बदलतो आणि वेगळ्या सांध्याची गरज उरत नाही. पाइप आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची एक पट्टी घालावी, म्हणजे खड्ड्यांच्या हादऱ्यांनी उपकरण हळूहळू मान टाकत नाही. फळीच्या खाली खणात अंथरतात तशी घसरणरोधी रबरी जाळी चिकटवावी आणि फळीच्या मागच्या अंगाला अर्धा किलो वाळूची, दुहेरी शिवणीची चपटी पिशवी पक्की बांधावी. याहून अधिक वजन घालू नये, कारण अपघातात तेच वजन अंगावर येऊ शकते.

ही बैठक किती धरते हे रस्त्यावर जाण्याआधीच तपासता येते. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला की वेग गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 0.8 पट दराने कमी होतो. उपकरणासह बैठक गुळगुळीत प्लॅस्टिकच्या ट्रेवर ठेवावी आणि ट्रेची एक बाजू सावकाश उचलत न्यावी. ट्रे सुमारे 40 अंशांपर्यंत कलेपर्यंत बैठक जागची हलली नाही, तर जोराच्या ब्रेकलाही ती सरकणार नाही. नुसत्या कापडी पिशवीचा निभाव यात लागत नाही. धुतलेली रबरी जाळी मात्र टिकते. गाडीच्या डॅशबोर्डवर चकाकीसाठी पॉलिश मारलेले असेल तर तो भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा, कारण त्या तेलकट थरावर कोणतेही रबर घसरते. बैठक शक्यतो काचेला टेकवून ठेवावी, म्हणजे पुढे सरकायला जागाच उरत नाही, आणि उपकरणाची दोरी बैठकीला बांधून ठेवावी. गंभीर धडकेत 30 पट गुरुत्वाकर्षणाएवढा धक्का बसला, तर 260 ग्रॅमचे उपकरण जवळपास 8 किलोच्या ओढीने सुटू पाहते. तेव्हा ही बैठक रोजच्या चालवण्यासाठी आहे, अपघातात उपकरण रोखून धरण्यासाठी नाही, हे ध्यानात असू द्यावे.

डॅशबोर्ड फार उतरता किंवा अरुंद असेल तर काचेवरचा सक्शन कप घ्यावा. तो ताकद कमी पडल्यामुळे निसटतो असा समज आहे, पण 7 सेंटीमीटर व्यासाच्या कपावर हवेचा दाब तत्त्वतः 38 किलोच्या आसपास भार टाकतो आणि उपकरण त्यापुढे काहीच नाही. कप निसटतो तो कडेतून हळूहळू आत शिरणाऱ्या हवेमुळे. काचेच्या आतल्या बाजूला धूळ आणि तेलकट साय असते, थंडीत कपाची कड ताठ होते आणि उन्हात मऊ पडते. काच अल्कोहोलने पुसावी, कप धुऊन घ्यावा, पूर्ण दाबून मगच त्याची कळ आवळावी आणि रोज निघण्यापूर्वी तो एकदा काढून पुन्हा बसवावा. दांडा आखूडच निवडावा, कारण लांब दांड्यावर पडदा इतका थरथरतो की नकाशावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

एसीच्या जाळीला अडकवायचे पकडे मी सुचवणार नाही. जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात आणि भाड्याच्या गाडीची तुटलेली पट्टी आपल्या माथी येते.

विजेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. अशी अनेक उपकरणे दोन एए सेलांवर चालतात. ईट्रेक्स 20 साठी कंपनी 25 तासांचा आकडा देते, पण गाडीत पडद्याचा दिवा सतत चालू राहिल्याने तो बराच घटतो. यूएसबीने वीज द्यायची असेल तर काही मॉडेले डेटा केबल जोडताच संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि नकाशा बंद होतो. तिथे केवळ वीज वाहणारी केबल वापरावी. 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचे काही हलके चार्जर रेडिओ लहरींचा इतका गोंगाट करतात की उपग्रहांच्या पट्ट्या खाली येतात, म्हणून चार्जर लावण्याआधी आणि लावल्यानंतर ते पान पाहावे. केबलचा एक वेढा बैठकीला बांधावा, म्हणजे चुकून हिसका बसला तरी तो उपकरणाच्या नाजूक सॉकेटवर न येता बैठकीवर येतो. गाडी बंद होताच सॉकेटची वीजही जात असेल, तर काही उपकरणे थोड्या सेकंदांत आपोआप बंद होतात. आतले सेल भरलेले असले आणि आपोआप बंद होण्याची ही सेटिंग बदलली की प्रवासाच्या मार्गाची नोंद तुटत नाही.

गाडी उन्हात उभी करताना उपकरण नेहमी काढून घ्यावे. बंद गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान 70 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि बहुतेक उपकरणांची मर्यादा 60 ते 70 अंशांतच संपते. आपण पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनही पडदा पाहून घ्यावा, कारण काही कोनांत तो पूर्ण काळा दिसतो.

वापराबद्दल एकच आग्रह धरतो. या उपकरणांचा पडदा दोन-अडीच इंचांचा असतो आणि बहुतेकांना बोलून वाट सांगता येत नाही, फक्त बीप वाजते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर गाडी 33 मीटर न पाहता पुढे गेलेली असते. शेजारी कोणी असेल तर उपकरण त्याच्याकडे सोपवावे. एकटे असाल तर मार्ग उभ्या गाडीतच घालावा, नकाशा प्रवासाच्या दिशेने फिरता ठेवावा आणि पुढच्या वळणाचे अंतर मोठ्या आकड्यांत दिसेल असे पान निवडावे.

उपकरणात चुंबकीय होकायंत्र असेल तर गाडीत ते बंद करावे, कारण पत्रा आणि स्पीकरची चुंबके त्याला भरकटवतात. चालत्या गाडीत उपग्रहांवरून काढलेली दिशाच बरोबर असते. याच कारणाने चुंबकाचे पकडे या उपकरणांना लावू नयेत. हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या मॉडेलांत पंखा वाढवला किंवा खिडकी उघडली तरी आकडा हलतो, कारण दाबातला एका हेक्टोपास्कलचा (हवेचा दाब मोजण्याचे एकक) फरकही सुमारे 8 मीटर उंचीएवढा असतो. म्हणून गाडीतून उतरून पायवाट धरण्यापूर्वी उपकरण गाडीपासून आठ-दहा पावले दूर न्यावे, होकायंत्र पुन्हा सुरू करून त्याचे कॅलिब्रेशन करावे, उंची माहीत असलेल्या ठिकाणी उंचीही जुळवून घ्यावी आणि सेलांची पातळी पाहूनच चालायला लागावे.