हडसनवरचा जुना रेल्वेपूल

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे हडसन नदीवरच्या एका फार उंच पुलावर फिरून आलो. तो पूर्वी रेल्वेचा होता असे कळले. गाड्या का थांबल्या आणि पूल पाडला कसा नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : पेनसिल्व्हेनियातील दगडी कोळसा न्यू इंग्लंडमधील (अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांतील) कारखान्यांपर्यंत थेट नेता यावा, यासाठी हा पूल बांधला गेला. 1873 च्या मंदीत काम रखडले, 1886 मध्ये ते नव्याने हाती घेतले गेले आणि 1888 च्या अखेरीस पहिली गाडी नदीपार गेली. पुढे इंजिने जड होत गेली, तेव्हा 1906-07 मध्ये सांगाड्याच्या मध्यभागी तुळयांची तिसरी ओळ घालून तो बळकट करण्यात आला. तेही पुरेसे ठरले नाही; म्हणून 1918 मध्ये दोन्ही मार्गांचे रूळ एकमेकांत गुंतवून मध्याकडे सरकवले गेले. रूळ चार, पण एका वेळी गाडी एकच, आणि तिचा भार बरोबर मधल्या ओळीवर, अशी ती युक्ती होती.

8 मे 1974 रोजी रुळांखालचे लाकडी स्लीपर पेटले. लोखंडी सांगाडा शाबूत राहिला होता. परंतु मालक रेल्वे कंपनीचे आधीच दिवाळे निघालेले असल्याने दुरुस्ती झाली नाही आणि गाडी पुन्हा धावली नाही. 1984 मध्ये हा पूल अवघ्या 1 डॉलरला विकला गेला. ही किंमत पुलाची म्हणण्यापेक्षा त्याच्या जबाबदारीतून सुटण्याची होती, असे मला वाटते.

एवढे अजस्र लोखंड नदीवरून उतरवणे हेच मोठे खर्चाचे काम होते, हे पूल टिकण्याचे एक कारण. दुसरे असे की, मालगाड्या पेलण्यासाठी उभारलेल्या सांगाड्याला माणसांचे ओझे ते काय? स्थानिक नागरिकांनी 1992 मध्ये संस्था स्थापन करून चिकाटीने निधी जमवला, वर काँक्रीटच्या तयार लाद्या बसवल्या गेल्या आणि 3 ऑक्टोबर 2009 रोजी पूल पादचाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुला झाला. ज्याच्या नावावरून नदीला नाव मिळाले, त्या हेन्री हडसन या दर्यावर्दीच्या 1609 मधील जलप्रवासाला तेव्हा 400 वर्षे होत होती. आपण चाललात ती वाट सुमारे 2 किलोमीटर लांब आणि पाण्यापासून 212 फूट उंच आहे. पुन्हा जाणे झाले, तर पकिप्सीच्या बाजूला नदीकाठी 2014 पासून लिफ्ट आहे. तिने खाली उतरून सांगाडा खालून अवश्य पाहावा.