विमानं बघायचीत? आधी वाऱ्याला विचारा

प्रश्न: दादा, मी कांदिवलीला राहते, वय ६३. नातू सहा वर्षांचा आहे, दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून येतोय, आणि त्याला विमान सोडून दुसरं काही सुचत नाही, जेवताना चमच्याचं पण विमान करतो. आमच्या वेळी विमानतळावर तिकीट काढून गॅलरीत उभं राहता यायचं, आता तर दारातच अडवतात. शेजारचे म्हणतात हायवेवर गाडी बाजूला घ्या नि दाखवा, पण मला ते काही बरं वाटत नाही. कुणाची बोलणी न खाता जवळून विमान दिसेल अशी जागा आहे का? गुडघे दुखतात, फार चढउतार नको.
– एक आजी, कांदिवली

उत्तर: आजी, हायवेचं तुम्हाला बरं वाटलं नाही हेच बरं झालं. सांताक्रूझ-पार्ल्याच्या मधे रनवेचं टोक हायवेला अगदी खेटून आहे त्यामुळे विमान जवळून जातं हे खरं, पण तिथे गाडी थांबवणं म्हणजे मागच्या ट्रकवाल्याच्या भरवशावर नातवाला उभं करणं. नकोच ते.

आता जागा सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर सांगितलेली जागा पण फुकट जाते. विमान उतरताना आणि उडताना दोन्ही वेळी तोंड वाऱ्याकडे करतं, वारा समोरून आला की कमी स्पीडला पण पंखांना उचल मिळते म्हणून. मुंबईचा मुख्य रनवे पूर्व-पश्चिम आहे आणि त्याला ०९/२७ म्हणतात, म्हणजे ९० अंश आणि २७० अंश, होकायंत्रावरचा आकडा फक्त शेवटचं शून्य काढून. आपल्याकडे वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. मग विमानं येतात घाटकोपरवरून आणि उडून जातात जुहूवरून. म्हणून जवळून, सावकाश, चाकं खाली काढलेलं विमान बघायचं असेल तर घाटकोपर, आणि आवाज करत वर चढणारं बघायचं असेल तर जुहू. सगळा खेळ एवढाच आहे हो.

तुमच्या गुडघ्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे मेट्रो. कांदिवलीहून लोकलने अंधेरी, तिथून घाटकोपरची मेट्रो, स्टेशनांवर लिफ्ट आणि सरकते जिने दोन्ही आहेत. अंधेरीहून जाताना उजवीकडची खिडकी पकडा. मरोळ, साकीनाका करत गाडी विमानतळाच्या उत्तरेने जाते आणि असल्फा सोडलं की उजवीकडे आकाशात दिवे लावलेलं विमान दिसायला लागतं, आधी नुसता एक ठिपका, मग दोन इंजिनं वेगळी दिसतात, मग चाकं. घाटकोपर स्टेशन जवळजवळ त्या रेषेतच येतं. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर, आणि घाटकोपर ते रनवेवर चाकं टेकायची जागा जेमतेम तीन किलोमीटर, तेव्हा हिशेब करा, डोक्यावर दीडशे मीटर. पोटावरच्या रेघा दिसतात, कंपनीचं नाव वाचता येतं. उतरलात की पुलावर मधे थांबू नका, गर्दीच्या वेळी तर अजिबात नाही, लोक अंगावरून जातील. दुपारी अकरा ते चार बरं, आणि खाली रस्त्यावर सावली बघून कडेला थांबा. गर्दीच्या तासांना मुंबईत तासाला चाळीसच्या वर विमानं उतरतात-उडतात, त्यामुळे थांबावं लागलं तरी तीन-चार मिनिटंच, पोराचा धीर तेवढा टिकतो.

त्याला एक गंमत दाखवा. विमान डोक्यावरून गेल्यावर बोलू नका, गप्प उभे राहा. वाऱ्याची गडबड नसेल तर पाच-सात सेकंदांनी हवेतून सूंऽऽ असा, कुणी लांबून साडी फाडावी तसा आवाज येतो आणि विमान तर पुढे गेलेलं असतं. पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात त्यांचा तो आवाज. माझ्या पुतण्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा मागे वळून दुसरं विमान शोधत होता.

जरीमरी नावाचा भाग रनवेच्या अगदी तोंडाशी आहे, कुणीतरी तुम्हाला तिकडे जा म्हणून सांगेलच. विमान तिथे खरंच घरांच्या पत्र्यांवरून जातं. पण दाट वस्ती आहे, लोकांच्या दारात उभं राहून आपण आभाळाकडे बोटं दाखवणार, शिवाय भिंतीपलीकडे सीआयएसएफचा पहारा, तिथे कॅमेरा काढला की विचारपूस होणार आणि होणं बरोबरच आहे. लहान मुलाला घेऊन तर नकोच.

दुसरा दिवस जुहूला द्या. सांताक्रूझ पश्चिमेहून बस किंवा रिक्षा. भेळेच्या ठेल्यांची जी मुख्य चौपाटी आहे तिथून विमान बाजूने दिसतं, पण रेषा जाते ती दक्षिणेला कोळीवाड्याच्या अंगाने, त्यामुळे वाळूतून तिकडे जेवढं चालाल तेवढं ते डोक्यावर येईल, गुडघे म्हणतील तिथे थांबा. इथे विमान चढत असतं म्हणून घाटकोपरइतकं खाली नाही, मात्र इंजिन पूर्ण जोरात, कान दणाणतात, नातवाला कानावर हात ठेवायला सांगा. संध्याकाळी साडेपाचनंतर विमानं सरळ सूर्याकडे जातात, फोटो काळा येतो पण डोळ्यांना छान. आणि बोनस म्हणजे जुहूच्या छोट्या विमानतळावरची हेलिकॉप्टरं, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ये-जा करणारी, ती किनाऱ्यावरून बरीच खालून जातात. तो विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते. आणि १९५३ च्या जुलैत एक ब्रिटिश कॉमेट जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून चुकून या इवल्याशा जुहूवर उतरलं, नऊ दिवस अडकून पडलं, मग हलकं करून उडवलं. ही गोष्ट नातवाला नक्की सांगा, मोठी माणसं पण घर चुकतात म्हणून.

एक इशारा, स्वतःच्या पैशाने घेतलेला. २०२३ च्या १७ ऑक्टोबरला मी मुद्दाम रजा टाकून दुपारी बाराला जुहूला जाऊन बसलो. एक वाजला, दीड वाजला, आकाशात घारी सोडून काही नाही. भेळवाला म्हणाला, साहेब आज विमानं बंद, पाचनंतर या. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस देखभालीसाठी दोन्ही रनवे अकरा ते पाच बंद ठेवतात, तारीख पेपरात आधी येते, मी सोडून सगळ्यांनी वाचली होती. तेव्हा निघायच्या दिवशी मुलाला सांगून फोनवर फ्लाइटरडार उघडून घ्या, विमानं कुठून येतायत ते नकाशावर लगेच दिसतं. हिवाळ्यात सकाळी क्वचित वारा फिरतो आणि सगळं उलटं होतं, समुद्रावरून येऊन जुहूवरून उतरतात. तसं दिसलं तर घाटकोपर सोडा आणि सरळ जुहू गाठा, नशीब म्हणायचं. दुबईचं दुमजली ए३८० पण मुंबईत येतं, त्याची वेळ त्याच ॲपवर बघा, पंखांची लांबी जवळजवळ ८० मीटर आहे, त्या दिवशी नातू जेवणार नाही.

प्रश्न: नमस्कार, नोकरीनिमित्त लंडनला हाउन्स्लोमध्ये राहतो. हीथ्रो विमानतळाजवळच्या मर्टल अव्हेन्यूबद्दल खूप ऐकून दोनदा गेलो. पहिल्यांदा विमानं अक्षरशः डोक्यावरून, दुसऱ्यांदा तीच वेळ, तीच जागा, वारा पण तसाच आणि विमानं लांब उत्तरेकडून उतरत होती. काय चुकतंय?
– एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही, आठवडा चुकला. हीथ्रोला दोन समांतर रनवे आहेत, मधे साधारण १.४ किलोमीटर अंतर. पश्चिमेचा वारा असला की दिवसा एकावर उतरतात आणि दुसऱ्यावरून उडतात, दुपारी बरोबर तीनला अदलाबदल, आणि पुढच्या आठवड्यात क्रम उलटा. खालच्या लोकांना अर्धा दिवस तरी शांतता मिळावी म्हणून ही सोय आहे. मर्टल अव्हेन्यू दक्षिणेकडच्या रनवेच्या तोंडाशी, तेव्हा तुम्ही गेलात त्या वेळी उत्तरेकडच्यावर उतरणं चालू असणार. विमानतळाच्या वेबसाइटवर कुठल्या आठवड्यात कुठला रनवे याचं वेळापत्रक असतं, ते बघून जा, किंवा सोपं म्हणजे अडीचला जाऊन बसा, तीनच्या दोन्ही बाजूंपैकी एक बाजू तुमची. हॅटन क्रॉस ट्यूब स्टेशनवरून चालत काही मिनिटं.

पूर्वेचा वारा असला की मात्र उतरणारी विमानं विंडसरच्या बाजूने येतात, तुमच्या मर्टल अव्हेन्यूवरून फक्त उडणारी जातील, तीही उंचावरून. वारा आधी कळायला मेटार नावाचा विमानतळाचा हवामान रिपोर्ट फुकट मिळतो, हीथ्रोचा कोड ईजीएलएल, मुंबईचा व्हीएबीबी. त्यात पाच आकडे आणि पुढे केटी असं दिसेल. २७०१० केटी म्हणजे २७० अंशांकडून, पश्चिमेकडून, दहा नॉट (नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं माप). हीथ्रोला पूर्वेचा वारा पाच नॉटपर्यंतच असेल तर पश्चिमेचाच क्रम चालू ठेवतात, हे पण लक्षात असू द्या, नाहीतर रिपोर्ट बघून घरी बसाल आणि शेजारी मजा करेल. आणि ती लोकांच्या घरांसमोरची गल्ली आहे, डबा खाल्लात तर पिशवी परत घेऊन या, आपली माणसं बरीच येतात तिथे.

प्रश्न: पुण्यात लोहगावला भिंतीजवळून सुखोई लढाऊ विमानांचे चांगले फोटो कुठून मिळतील? मुलाकडे नवीन डीएसएलआर आहे, ड्रोन पण घेतोय.
– एक पालक, खराडी

उत्तर: कुठूनच नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. भिंतीवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत त्या शोभेला नाहीत, लांब लेन्स घेऊन उभा राहिलेला मुलगा संध्याकाळ चौकीत काढेल आणि तुम्ही बाहेर. सुखोई विमाननगरच्या कुठल्याही गच्चीवरून आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, डोळ्यांनी बघायला कुणाची ना नाही. कॅमेऱ्याची हौस असेल तर मुलाला एक दिवस जुहूला पाठवा, वाळूत उभं राहून प्रवासी विमानांवर हात साफ करू दे. ड्रोनचं मात्र विमानतळाजवळ नाव पण काढू नका, घेतलाच असेल तर मामाच्या गावाला, तेही आधी ड्रोनला कुठे परवानगी आहे तो झोन नकाशावर बघून.