बदकांच्या शिकारीत कयाकवरची मासेमारी

प्रश्न : अमेरिकेतील मेरीलँडमध्ये राहतो. चेसापीक उपसागराच्या खाड्यांत कयाकवरून (वल्ह्याच्या छोट्या, अरुंद होडीतून) गळ टाकतो. नोव्हेंबरमध्ये तिथे बदकांची शिकार चालू असते. मासेमारी थांबवावी का?

उत्तर : थांबवू नका, वेळ बदला. अमेरिकेत बदकांवर बंदूक साधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत चालते. सर्वाधिक गोळीबार पहाटे होतो, म्हणून दहानंतर पाण्यात उतरा. भारतात शिकारीला बंदी असल्याने ही खबरदारी आपल्या अंगवळणी पडलेली नसते.

गवताआडचे मचाण, म्हणजे शिकाऱ्याची लपायची जागा, सहज दिसत नाही. आधी दिसतात ती खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडलेली नकली बदके. ती दिसताच वळा. त्यांच्या दोऱ्यांत गळही अडकतो. बदके वारा समोरून घेत उतरतात, त्यामुळे शिकारी वारा पाठीवर घेऊन बसतो आणि नेम नकली बदकांवर, बऱ्याचदा पाण्यालगत असतो. तुम्ही नेमके तिथेच, तेवढ्याच उंचीवर असता! मचाणासमोरून जाऊ नका, निदान ३०० मीटर अंतर ठेवा. जवळ जावेच लागले तर शिट्टी वाजवा, हाक मारा. मुद्दाम पक्षी उडवणे मात्र गुन्हा आहे.

हिरवी-तपकिरी कयाक या दिवसांत वाईटच. भडक नारिंगी टोपी आणि जॅकेट घाला, वल्ह्याच्या दोन्ही पात्यांना नारिंगी टेप लावा. अंधारात पांढरा दिवा हाताशी हवा.

खरा धोका छऱ्यांपेक्षा थंडीचा. पाणी १० अंश सेल्सियसखाली गेले की पडताक्षणी श्वास अनावर होतो आणि दहाएक मिनिटांत हात निकामी होतात. लाइफ जॅकेट अंगावरच हवे, आत ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख).