कॅनडातली मतं ऐकताना: घर, महागाई आणि सरकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात दोघांनाही आयटीत नोकरी, चार वर्षांची मुलगी, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आली आहे आणि टोरांटोच्या आसपास उतरायचा बेत आहे. पण तिथल्या लोकांचं बोलणं ऐकलं की एकच सूर लागतो: घर परवडत नाही, पगार पुरत नाही, सरकारने वाट लावली, बाहेरून माणसं फार आली. यातलं खरं किती?

बहुतेक खरं आहे, पण ते बोलणाऱ्याच्या जागेवरून खरं आहे. कोणाचंही मत ऐकलं की तीन गोष्टी काढून घ्या: माणूस घरमालक आहे की भाडेकरू, घर घेतलं असेल तर कोणत्या वर्षी, आणि राहतो कोणत्या प्रांतात. एवढं कळलं की त्याचं मत तुम्हाला किती लागू पडतं ते आपोआप समजतं.

२००५ साली घर घेऊन कर्ज फेडून बसलेला माणूस मालमत्ता कराबद्दल आणि फॅमिली डॉक्टर मिळत नाही याबद्दल बोलेल. २०२१ किंवा २०२२च्या सुरुवातीला घेतलेला माणूस व्याजदराबद्दल बोलेल, आणि त्याचा त्रास समजायला कर्जाची तिथली रचना समजावी लागते. आपल्याकडे गृहकर्ज वीस वर्षांचं म्हणजे वीस वर्षांचं. दर वाढला तर बँक बहुतेक वेळा मुदत लांबवते आणि हप्ता तोच राहतो. कॅनडात फेड २५ वर्षांची असली तरी दराचा करार साधारण पाच वर्षांचाच असतो. पाच वर्षं झाली की ‘रिन्यूअल’, म्हणजे उरलेल्या कर्जावर त्या दिवशीच्या बाजारातला दर. बँक ऑफ कॅनडाचा दर मार्च २०२२पर्यंत ०.२५ टक्के होता, जुलै २०२३मध्ये तो ५ टक्क्यांवर गेला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये २.२५वर आला. उतरला खरा, पण दोन टक्क्यांच्या आत कर्ज घेतलेल्याचं रिन्यूअल तरीही चारच्या आसपास होतं. शिवाय तिथे स्थिर दराचं कर्ज मध्येच मोडलं तर तीन महिन्यांचं व्याज किंवा दरातल्या फरकाची रक्कम, यातलं जे जास्त ते दंड म्हणून भरावं लागतं. म्हणून कर्ज घेताना दराइतकंच मोडण्याच्या अटींकडे आणि वर्षाला किती जादा रक्कम भरता येते याकडे बघा.

आता ‘घर परवडत नाही’ हे आकड्यांत मांडतो. समजा ७ लाख डॉलरचं घर आहे (सगळे डॉलर कॅनेडियन). पहिल्या ५ लाखांवर किमान ५ टक्के आणि वरच्या २ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४५,००० स्वतःचे. उरलेल्या ६,५५,०००वर ४ टक्के कर्जविमा, तो कर्जातच मिळवतात, म्हणून कर्ज ६,८१,२००. दर ४.५ टक्के आणि फेड २५ वर्षांची धरली तर हप्ता सुमारे ३,७७० येतो. इथवरचं गणित सगळे करतात. पण बँक पात्रता या हप्त्यावर काढत नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये तुमच्या दरात २ टक्के मिळवतात (किंवा ५.२५ टक्के, जे जास्त असेल ते). ६.५ टक्क्यांना तोच हप्ता साधारण ४,५६० होतो. त्यात मालमत्ता कर आणि घर गरम ठेवण्याचा खर्च मिळून महिना ५०० धरा. ही बेरीज विमा असलेल्या कर्जात एकूण उत्पन्नाच्या ३९ टक्क्यांच्या आत बसावी लागते, म्हणजे दोघांचं मिळून वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर उत्पन्न हवं. गाडीचा हप्ता असेल तर तोही दुसऱ्या मर्यादेत, ४४ टक्क्यांत, धरतात. आल्याबरोबर मोठी गाडी कर्जावर घेतलेल्या कुटुंबांचं घर नेमकं इथेच अडतं.

खरेदीच्या वेळी लागणारी रोकड वेगळी. ७ लाखांच्या घरावर ओंटारिओचा (टोरांटो याच प्रांतात आहे) जमीन हस्तांतरण कर १०,४७५, आणि घर टोरांटो शहराच्या हद्दीत असेल तर तेवढाच पुन्हा शहराचा. कर्जविम्यावरचा ८ टक्के प्रांतीय विक्रीकर कर्जात मिळवता येत नाही, तो रोख भरायचा. वकिलाची फी वेगळी. पहिलं घर असेल तर प्रांत ४,००० आणि शहर ४,४७५ पर्यंत परत देतं, आणि इथे तुमचा कोथरूडचा फ्लॅट आडवा येतो: ही सवलत जगात कुठेही कधीही घर नावावर नसलेल्यालाच आहे. एकाच्याच नावावर फ्लॅट असला तरी लग्नानंतर तो त्याच्या मालकीचा राहिला असेल तर दुसऱ्याची सवलतही जाते. पहिल्या घराच्या बचतीचं करमुक्त खातं (वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००) मात्र उशिरा का होईना उघडता येतं. त्याची अट वेगळी आहे: चालू वर्षात आणि आधीच्या चार वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेलं नसावं. त्या वेळी कोथरूडचं घरही मोजतात. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक घाईने खातं उघडतात आणि नंतर निस्तरत बसतात.

तेव्हा पहिली दोन वर्षं भाड्याने राहा, हे माझं स्पष्ट मत. ओंटारिओत वर्षाची भाडेवाढ सरकार ठरवतं: २०२५ला २.५ टक्के, २०२६ला २.१ टक्के. पण १५ नोव्हेंबर २०१८नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या जागेला ही मर्यादा नाही. नव्या चकचकीत कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहणारा म्हणतो ‘मालकाने एकदम तीनशे वाढवले’ आणि जुन्या इमारतीतला म्हणतो ‘मला काही त्रास नाही’. दोघंही खरं बोलतात. जागा बघताना इमारत कोणत्या वर्षीची हे आधी विचारा.

अकरा महिन्यांच्या कराराची सवय विसरा. तिथे वर्षाचा करार संपला की तो आपोआप महिन्या-महिन्याने चालू राहतो, नवा करार करायची सक्ती नाही. अनामत म्हणून फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं घेता येतं. मोडतोडीसाठी डिपॉझिट मागणं ओंटारिओत बेकायदा आहे आणि पुढच्या तारखांचे चेक द्यायची सक्तीही करता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याची अनामत चालते, क्वेबेकमध्ये अजिबात नाही. म्हणून ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकूव्हरच्या मित्राचा सल्ला टोरांटोशेजारच्या मिसिसागात लागू करू नका. मालकाला स्वतः राहायला जागा हवी असेल तर ६० दिवसांची नोटीस आणि एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं.

मालकांची बाजूही ऐकून ठेवा. भाडं थकवणाऱ्याला काढायचं तर लवादाकडे जावं लागतं आणि तिथे महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे ते आधीच चाळणी लावतात: क्रेडिट स्कोअर, पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचं पत्र. नवीन आलेल्याकडे यातलं काहीच नसतं. त्याऐवजी बँकेतली शिल्लक दाखवणारं पत्र, दोघांची नोकरीची पत्रं आणि पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायटीचं पत्र इंग्रजीत घेऊन जा. जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. भारतातून बुकिंग करणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. बेसमेंट घेणार असाल तर बाहेर पडायचा वेगळा मार्ग आणि धुराचे अलार्म बघा, आणि ती जागा नगरपालिकेत दुसरं युनिट म्हणून नोंदलेली आहे का ते विचारा. ‘हायड्रो’ वेगळा म्हणाले तर ते पाण्याबद्दल नाही, वीजबिलाबद्दल बोलत आहेत.

आता ‘बाहेरून माणसं फार आली’. हे तुम्हाला टोचणार, म्हणून त्याचं कारण नीट बघा. २०२३च्या एका वर्षात देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांहून जास्त, म्हणजे ३.२ टक्क्यांनी वाढली. त्यात मोठा भाग विद्यार्थी आणि तात्पुरत्या परवान्यांवरच्या कामगारांचा होता. घरं त्या वेगाने बांधली गेली नाहीत. एन्व्हायरॉनिक्स इन्स्टिट्यूटच्या २०२४च्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी स्थलांतर फार होतंय असं सांगितलं. पाव शतकात पहिल्यांदाच हे मत बहुमताचं झालं, आणि घरांची टंचाई हे त्यामागचं मोठं कारण होतं. सरकारने ऑक्टोबर २०२४मध्ये पीआरचं २०२५चं लक्ष्य ५ लाखांवरून ३,९५,०००वर आणलं आणि विद्यार्थ्यांवर तर त्याआधीच, जानेवारी २०२४मध्ये, मर्यादा घातली होती. बहुतेकांचा राग आकड्यावर आणि कारभारावर आहे, शेजारच्या घरात राहायला आलेल्या कुटुंबावर नाही. पण दक्षिण आशियाई लोकांबद्दलचा उघड द्वेषही वाढला आहे, विशेषतः समाजमाध्यमांवर, आणि तो नाही असं सांगून तुम्हाला बेसावध ठेवणार नाही.

सरकारला दोष देताना लोक तिन्ही सरकारं एकत्र कालवतात. स्थलांतर आणि आयात कर हे मुख्यतः केंद्राकडे. रुग्णालयं, शाळा, भाडेकायदा प्रांताकडे. बांधकाम परवाने आणि मालमत्ता कर नगरपालिकेकडे. व्याजदर बँक ऑफ कॅनडा स्वतंत्रपणे ठरवते. पक्षांची नावंही फसवी आहेत. ओंटारिओत डग फोर्ड यांचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष आणि केंद्रातला पिएर पॉलिएव्ह यांचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष या वेगळ्या संघटना आहेत. प्रांतात एकाला आणि केंद्रात भलत्यालाच मत देणारे पुष्कळ सापडतात.

जानेवारी २०२५पर्यंत केंद्रात सत्तेवर असलेला लिबरल पक्ष हरणार हे जवळपास सगळे धरून चालले होते. मग तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी पद सोडायचं जाहीर केलं, ट्रम्प यांनी आयात कर आणि कॅनडाला अमेरिकेचं ‘एक्कावन्नावं राज्य’ करायची भाषा सुरू केली, आणि दोन देशांच्या मध्यवर्ती बँका, कॅनडाची आणि इंग्लंडची, सांभाळलेले मार्क कार्नी पुढे आले. २८ एप्रिलला ३४३पैकी १६९ जागा घेऊन लिबरल परत आले, बहुमताला तीन कमी. दुकानात माल कॅनडाचा आहे का हे बघून घेणारी माणसं अजून दिसतात. अमेरिकेबद्दल सहज विनोद करू नका, ती जखम ताजी आहे. अल्बर्टा प्रांतात विषय वेगळाच असतो, तेल, पाइपलाइन आणि ओटावावरचा, म्हणजे केंद्र सरकारवरचा, राग. तुम्हाला पीआरवर कुठल्याच निवडणुकीत मत नाही, नगरपालिकेतही नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

पगाराबद्दलची तक्रार तपासून बघा. ओंटारिओत ८०,००० पगारातले हातात साधारण ६०,००० येतात, म्हणजे महिना ५,०००. एका बेडरूमच्या जागेला त्यातले २,००० ते २,४०० जातात. एकाच्या पगारावर घर चालवणं कठीण आहे, आणि २०२५मध्ये नोकऱ्यांची स्थिती नरमच होती: जुलैत तरुणांमधली बेकारी १४.६ टक्के होती. विंडसर, हॅमिल्टनची चिंता मोटारी आणि पोलादावरच्या आयात कराची आहे. ती आयटीला थेट लागू नाही, पण कंपन्या भरती लांबणीवर टाकतात त्याचं एक कारण तेच आहे. सहा महिने दोघांनाही काम मिळालं नाही तरी चालेल एवढी रोकड घेऊन जा. तिघांसाठी सरकारने २०२५ला धरलेला किमान निधी २३,३६० होता. मी तो अपुरा समजतो, दीडपट तरी हवा. १ जानेवारी २०२६पासून ओंटारिओत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत ‘कॅनडाचा अनुभव’ ही अट घालता येणार नाही. मुलाखतीत तो प्रश्न आडून येईलच, तयारी ठेवा.

मुलीच्या बाबतीत तुमची वेळ चांगली आहे. ज्या वर्षी मूल चार पूर्ण करतं त्या सप्टेंबरपासून ओंटारिओत सरकारी शाळेत ज्युनियर किंडरगार्टन मोफत असतं, आणि शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून आधी शाळा बघा, मग भाड्याची जागा. बालभत्त्यासाठी आरसी-६६ हा अर्ज आणि त्याची पुरवणी भरा. त्यात तिथे जाण्याआधीचं जगभरातलं उत्पन्न विचारतात. रुपयांचे डॉलर केले की आकडा लहान दिसतो, म्हणून सुरुवातीला भत्ता भरघोस मिळतो आणि नोकरी लागल्यावर पुढच्या जुलैपासून घसरतो. तो कायमचा धरून भाडं ठरवू नका.

आणि निघण्याआधी कोथरूडच्या फ्लॅटचं सरकारमान्य मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घ्या, तारीख कॅनडात उतरण्याच्या दिवसाच्या जवळची हवी. तिथला करकायदा फ्लॅट तुम्ही त्या दिवशी त्या दिवसाच्या किमतीला घेतला असं धरतो, त्यामुळे पुढे विकलात तर आधीच्या वर्षांतली वाढ करात येत नाही. कागद नसेल तर ती किंमत सिद्ध करणं अवघड जातं. फ्लॅट भाड्याने दिलात तर ते भाडं तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. परदेशी मालमत्तेची किंमत १ लाख डॉलरच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून टी-११३५ हा फॉर्मही भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत दंड आहे.