कमरेची गादी सरकली, पेन्शन नाकारली, दुसरं अपील राहून गेलं

प्रश्न : आर्टिलरीत 22 वर्षं नोकरी करून मे 2022 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. बोफोर्सवर होतो. 2014 मध्ये पीस स्टेशनला (शांत ठाण्यात) असताना कमरेतली गादी सरकली आणि लो मेडिकल कॅटेगरीत (कमी तंदुरुस्तीच्या वर्गात) गेलो. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के, कायमचं, असं लिहिलं. पण ते सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, असा शेरा मारला, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली. हॉस्पिटलच्या कागदावर ‘मार लागल्याचा इतिहास नाही’ असं आहे. पहिलं अपील फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळलं, दुसरं मी केलंच नाही. एक एजंट थकबाकीतले 30 टक्के मागतोय. मुदत संपली का? – माजी सैनिक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : मेजर, दुसऱ्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत उलटली हे खरं. पण पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, त्यामुळे दार बंद झालेलं नाही. नुकसान होतंय ते वेगळ्या ठिकाणी. सुप्रीम कोर्टाने 2008 च्या तरसेम सिंग निकालात सांगितलं, की उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. तुम्ही मे 2022 मध्ये बाहेर पडलात. म्हणजे 2025 चा मे सरला तेव्हापासून तुम्ही गप्प बसलेल्या प्रत्येक महिन्याला मागचा एक महिना कायमचा बुडतोय.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पहिल्या अपिलाची प्रत वाचली. तीन पानं तुम्ही हे दुखणं फौजेनेच दिलं, एवढंच सांगत बसला आहात. तिथेच अडलं. ‘मार लागल्याचा इतिहास नाही’ हे वाक्य त्या युक्तिवादाला नडणारच. इंज्युरी रिपोर्ट नसेल तर बोर्ड गादीची झीज वयावर आणि शरीराच्या ठेवणीवर ढकलून मोकळं होतं. पण नियमाला दोन्ही गोष्टी लागत नाहीत. दुखणं सेवेमुळे झालं, किंवा सेवेमुळे वाढलं, यातलं एक पुरतं. ‘वाढलं’ या बाजूने तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही.

आणि तिथे तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बोफोर्सचा एक गोळा सुमारे 43 किलोचा. तो वाकून उचलायचा, छातीशी धरून तोफेपर्यंत न्यायचा, आणि सराव असला की दिवसभर हेच. हा सराव पीस स्टेशनला असतानाही चुकत नाही. त्यामुळे ‘आजार पीसमध्ये सुरू झाला’ एवढ्या एका ओळीवर बोर्डाने हात झटकले तर ट्रायब्युनल, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण, ते सहसा मान्य करत नाही. शांत ठाण्यातल्या नोकरीलाही कवायतीचा आणि प्रशिक्षणाचा ताण असतोच, असं अनेक आदेशांत लिहिलेलं आहे. सुप्रीम कोर्टाच्या धरमवीर सिंग (2013) आणि राजबीर सिंग (2015) या निकालांचा आधारही घ्या. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर माणूस धडधाकट आत आला असं धरायचं, आणि तसं नव्हतं म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची, असा त्यांचा रोख आहे. अपंगत्वाच्या पेन्शनचे 2023 चे नवे नियम 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांसाठी आहेत. तुम्हाला 2008 चेच लागतील, आणि त्यांतही दावेदाराला सहसा पुरावा द्यायला लावू नये असंच म्हटलंय. मात्र बोर्डाने सकारण मत दिलं असेल तर ट्रायब्युनल ते सहजासहजी बाजूला सारत नाही, म्हणून आधी कागद बघायचे.

नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, 2014 पासूनचे सगळे कॅटेगरी बोर्ड, रिलीज बोर्डाचा एएफएमएसएफ-16 हा फॉर्म आणि पोस्टिंगची यादी मागा. एएफएमएसएफ-16 हातात आला की कमांडिंग ऑफिसरने भरलेला भाग आधी उघडा. कामात विशेष ताण होता का, असा प्रश्न तिथे असतो आणि बऱ्याचदा ‘नाही’ लिहून तो निकालात काढलेला असतो. दुसरी गोष्ट शोधायची ती कॅटेगरीचे निर्बंध. ‘वजन उचलू नये’ असा शेरा 2014 मध्ये बसला आणि त्यानंतरही तुम्हाला गनवर किंवा सामान चढवण्याच्या कामावर लावलं असेल, तर दुखणं सेवेत वाढल्याचा याहून चांगला पुरावा नाही. आज खासगीत नवा एमआरआय काढून मात्र फार काही साधत नाही. भांडण निवृत्तीच्या दिवशीच्या पाठीचं आहे.

टक्केवारीत तुम्ही सुदैवी आहात. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्याला 20 च्या खाली, अगदी 19 टक्के लिहिले असते, तरी काही मिळालं नसतं, एस. पी. राठोर प्रकरणात (2019) सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं. आणि एकदा 20 भरले की राम अवतार निकालानुसार (2014) ते 50 धरले जातात. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, असा हिशेब असतो. वेतन 45,000 होतं असं धरलं तर 20 टक्क्यांचे 2,700 होतात, 50 टक्क्यांचे 6,750. वर महागाई भत्ता. म्हणून अर्जात 50 टक्क्यांची मागणी स्वतंत्रपणे लिहून घ्या. ती राहून गेली की पुन्हा एक फेरी पडते.

कागद आले की दुसरं अपील उशिराच्या माफीसह पाठवून द्या, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात मूळ अर्ज आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज लगेच दाखल करा. खात्यातले सगळे उपाय संपवून या, असं कायद्याचं कलम 21 म्हणतं, पण ‘साधारणपणे’ हा शब्द त्यात आहे आणि पेन्शनच्या प्रकरणात वकील त्यावरच बोट ठेवतात. दिवाणी कोर्टात मात्र जाऊ नका. तिथे हा विषय चालतच नाही.

एजंटला नाही म्हणा. निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलालासुद्धा बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, मग हा कोण लागून गेला? साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा आणि वकील केलात तर फी आधी कागदावर ठरवून घ्या. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.