नवा पंखा गरगर फिरते, तरी लाल लाइट जात नाही

प्रश्न : दादा, मी राळेगाव तालुक्यात गावात इंटरनेटचं कनेक्शन देतो. मशिनांची रूम कापसाच्या जिनिंगच्या मागंच आहे. २४ पोर्टच्या स्विचचा, म्हणजे घरोघरच्या केबली जोडायच्या डब्याचा, एक बारका पंखा दिवाळीपासून घर्रघर्र करून राहिला होता, मंग फॅन फेलचा लाल लाइट लागला. यवतमाळहून त्याच मापाचा १२ व्होल्टचा नवा पंखा आणून टाकला, मस्त फिरते, आवाजही नाही, पण लाइट काही जात नाही. बोर्ड गेला काय? दुकानदार म्हणते नवा स्विच घ्या.

उत्तर : भाऊ, घाई नका करू. पंखा फिरून राहिला म्हणजे बोर्डातून त्याला वीज येऊन राहिली. स्विचले काही पंखा दिसत नाही, पंख्याच्या दोन वायरी विजेच्या आणि तिसरी खबर देणारी, ती जे सांगते तेवढंच त्याला समजते, आणि माझा संशय तिच्यावरच आहे.

आधी तुमचाच एक शब्द धरतो, "आवाजही नाही". ४० एमएमचे असे पंखे कित्येकदा मिनिटाला ८–१० हजार फेरे मारतात, ते कोकलणारच. शांत पंखा म्हणजे बहुतेक हळू पंखा, आणि फेरे ठरलेल्या आकड्याच्या खाली गेले की स्विच फेल म्हणते. दोन्ही पंख्यांच्या स्टिकरवरचे अँपिअर पाहा, जुना ०.२ आणि नवा ०.०७ असला तर तिथंच पकडला.

अँपिअर सारखे निघाले तर मंग दुसरी गोष्ट, जी दुकानदारालेही बरेचदा माहीत नसते. तिसरी वायर दोन प्रकारची असते. एकीवर फेरे मोजायचे ठोके येतात, साधारण एका फेऱ्याला दोन. दुसरीवर ठोके नाहीत, पंखा फिरते तोवर लाइन एका जागी आणि अडकला की पलटते, बस. स्विचले एक पाहिजे आणि तुम्ही दुसरा लावला तर पंखा कितीही पळो, लाइट जळतच राहते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात हे खरं दुखणं आहे.

तपासायचं स्विचच्या बाहेर, आत पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट असतात, झाकण उघडं ठेवून चालू स्विचमध्ये हात घालू नका. पंख्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या, तिसऱ्या वायरपासून प्लसला १० के (१० हजार ओहम) चा रेझिस्टर लावा, मल्टिमीटर डीसीवर ठेवून ती वायर आणि मायनस यांच्यात मोजा. फिरताना ६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ठोकेवाला. शून्याजवळ दाखवलं, आणि खराट्याच्या काडीने मधला गोल भाग हळूच दाबून पंखा थांबवल्यावर दोनचार सेकंदांत १२ कडे गेलं, तर दुसरा. जुना अजून रडतरडत फिरत असला तर त्याचीही हीच परीक्षा घ्या, फेकला नसेल अशी आशा आहे. वायरच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक कनेक्टरच्या पिना बदलतात, जुन्याचा क्रम पाहूनच जोडा.

आणि हवेची दिशा. पंख्याच्या कडेला बाण असते, उलटा बसला की लाइट हिरवा पण स्विच तापते.

जिनिंगमधून उडणाऱ्या रुईचं म्हणाल तर हंगामात जाळीमागं गादीच तयार होते. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं पंखा भलताच पळते आणि बेअरिंग जाते. तुमचा जुनाही तसाच तर गेला नाही ना?